मेहुण्याच्या तेरवीची कढी

सोयाबीनच्या हंगामात, एका बुधवारी दुपारी, मालेगावच्या बाजारातल्या आपल्या दुकानात माझा मेहुणा वारला. त्या वेळी तो मेडशीहून आलेल्या एका गिऱ्हाइकावर ओरडत होता.

आमच्या वाशिम जिल्ह्यात रागीट माणसांची वाण नाही. उन्हावर राग, एसटीवर राग, बाजारभावावर राग, हा इथला रोजचा आहार आहे. पण प्लास्टिकचा अपमान झाला म्हणून पेटून उठणारा माणूस या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ होता. मी वाचनालयात हयात घालवलेला माणूस. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून मी केस पांढरे केले. आम्हा दोघांच्या वाट्याचा आवाज देवाने त्या एकट्यालाच देऊन टाकला, असं सासुरवाडीची मंडळी म्हणत. तो बोलायचा आणि मी ऐकायचो, अशी आमची वाटणी होती. आता लिहायची पाळी माझ्यावर आली आहे. मी हे सावकाश लिहितो आहे, कारण माझा राग अजून गेलेला नाही, आणि रागात लिहिलं की माझं अक्षर बिघडतं.

त्याचं प्लास्टिकच्या वस्तूंचं दुकान होतं. बादल्या, ड्रम, खुर्च्या, दोऱ्या, पोती, पाइप, भाजीवाल्यांचे क्रेट, ठिबकच्या नळ्या असं सगळं छतापर्यंत रचलेलं असे आणि मधल्या बोळकांडीत तो एका सांधलेल्या खुर्चीवर बसलेला असे. मात्र 'प्लास्टिक' हा शब्द त्या दुकानात उच्चारायची बंदी होती. एखादा नवखा येई आणि भोळेपणाने म्हणे, "भाऊ, एक प्लास्टिकची बादली द्या." झालं. "बैलबाजारात जाऊन 'एक जनावर द्या' म्हन्ता का? गाय पायजे का इंचू पायजे, ते सांगान का नाही?" गिऱ्हाईक गोंधळून मागे सरके. मग मेहुणा त्याला बसवून घेई आणि बादलीचं कुळ सांगू लागे. ज्याला फक्त बादली हवी होती तो माणूस घरी जाताना बादली, न्हाणीतला मग आणि चांगलं उठलेलं डोकं घेऊन जाई. तरी तो पुन्हा तिथेच येई, कारण त्या दुकानातली बादली उन्हात तडकत नसे.

प्लास्टिकच्या प्रत्येक जातीला त्याने स्वभाव ठरवून दिला होता. एचडी, म्हणजे जाड टणक पॉलिथिन, हा राबणारा गडी. भाजीचे क्रेट, शेतातला काळा पाइप, औषधाचे कॅन, सगळी ओझी त्याच्या पाठीवर, आणि तोंडातून शब्द नाही. पीव्हीसी जमिनीखाली पाइप होऊन राहिला तर पुढच्या पिढीला पाणी पाजेल, पण चुलीत घातला तर घरादाराचा श्वास कोंडेल. "त्याले जमिनीतच नांदू द्या, चुलीपाशी बोलवू नका." पातळ पिशवीबद्दल त्याला फार कणव. "ते बिचारी मेथीची जुडी न्यायले जन्मली. तिच्यात उकळता चहा भरा म्हनून कोनी सांगतलं?" आणि पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हा त्याचा जीव. खुर्ची पीपीची, सोयाबीनचं पोतं पीपीचं, दोरी पीपीची, न्हाणीतला मग पीपीचा. "उकळतं वरन घाला, भाऊजी. हूं का चूं करनार नाही."

माणसांचीही तो अशीच वर्गवारी करी. माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याच्या लेखी बेकलाइट होती, कुकरच्या मुठीचं असतं ते. "बाई एकदा घडली ते घडली. आता कितीबी तापवा, ते काही वितळत नाही." माझ्याबद्दल विचारलं तर म्हणे, "तुमी पातळ पिशवी, भाऊजी. मऊ, आरपार दिसनारी, अन् घडी घालून कुठंबी ठेवून द्या." हे तो माझ्या घरात, माझ्या ताटातली भाकर खात म्हणे. मी हसत असे. मला ते खरंच वाटत असे.

दिसेल ती वस्तू उलटी करून "हे कायचं हाय?" असं विचारायची त्याला खोड होती. स्वतःच्या मुलासाठी मुलगी पाहायला गेला, तेव्हा पोह्यांच्या बशा पुढे आल्या. त्याने आपले पोहे माझ्या बशीत ओतले, रिकामी बशी नखाने वाजवली, कानाशी धरली आणि मुलीच्या बापाला म्हणाला, "मेलामाइन हाय. चांगलं हाय. पन तडा गेला का फेकून देजा, मोह करू नका." मुलीच्या बापाला वाटलं, हा हुंड्याविषयी काहीतरी आडून बोलतो आहे. तो घाबरून आत गेला. सोयरीक जुळली ती केवळ मुलगी दाराआडून हसली म्हणून.

त्याच्या ज्ञानाला भोकंही होती, आणि त्या भोकांचा त्याला तितकाच अभिमान होता. कापड हे कापडच, त्याचा आणि आपल्या धंद्याचा संबंध नाही, असं त्याचं ठाम मत होतं. एकदा मी वाचनालयातला ज्ञानकोश त्याच्यासमोर उघडून दाखवलं की पाण्याची बाटली ज्याची करतात त्याचाच धागा काढून पॉलिस्टरचं कापड विणतात. त्याने ते पान दोनदा वाचलं, पुस्तक मिटलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं. बरेच दिवस तो आमच्या दारावरून मान वळवून जात होता. मग एका सकाळी चहाच्या वेळी आला, उंबऱ्यातच उभा राहिला आणि म्हणाला, "म्हंजे माही बायको इतकी वर्सं बाटली नेसून राह्यली?" त्या दिवसापासून तो तिच्या प्रत्येक साडीला बाटली म्हणू लागला. "बाटली वाळत घातली का? ते निळी बाटली नेस, चांगली दिसते." तिने लग्नसमारंभात त्याच्या शेजारी उभं राहणं बंद केलं.

पुढे कधीतरी गावातून शाळेची प्लास्टिकविरोधी फेरी निघाली. पुढे मोठा फलक, मागे मुलांच्या रांगा, बाजूला शिट्टी वाजवणारे सर. मेहुणा दुकानातून उडी मारून रस्त्यावर आला आणि फेरीच्या तोंडावर आडवा उभा राहिला. "सर, हा फलक कायचा हाय?" सर म्हणाले, "फ्लेक्सचा." "फ्लेक्स कायचा असते?" सरांनी तोंडातली शिट्टी काढली. "पीव्हीसी! अन् हा छातीवरचा बिल्ला? अन् शिट्टी? अन् आंगातला शर्ट? सर, तुमी काय काय हटवता ते सांगा, बाया-मानसं हायेत बाजारात." मुलं खिदळली आणि फेरी तिथेच मोडली. गावभर हे हसत हसत सांगितलं गेलं. पण फेरी मोडल्यावर त्याने त्याच मुलांना दुकानात नेलं आणि कुठली वस्तू पुन्हा वितळवून नवी होते, कुठली होत नाही, हे एकेकाच्या हातात देऊन दाखवलं, ते कुणी सांगत नाही. मला याचाच राग येतो. या गावाने त्याच्यातलं फक्त हसण्याजोगं तेवढं वेचून घेतलं.

एसटी स्टँडवरच्या चहावाल्याचंही तसंच. तो पार्सल चहा पातळ पिशवीत ओतून वर दोरा बांधून देई. मेहुण्याच्या खिशात गोणी शिवायचा दाभण कायम असे. तो रांगेत उभा राही आणि पिशवी कुणाच्या हातात पडली की दाभण टोचून मोकळा होई. एका कंडक्टरचे बूट चहाने भरले तेव्हा प्रकरण हातघाईवर आलं. दुसऱ्या दिवशी या प्लास्टिकच्या व्यापाऱ्याने भांड्यांच्या दुकानातून स्टीलची मोठी किटली विकत घेतली आणि चहावाल्याला भेट दिली. चहावाल्याने ती आनंदाने ठेवून घेतली. तो तीत पिशव्या ठेवू लागला.

दुकानाच्या शेजारी गाद्या भरणारे एक चाचा आहेत. दोघांच्या दुकानांमध्ये एकच भिंत, आणि भांडण त्या भिंतीआरपार चाले. चाचा अलीकडे उशांत कापसाऐवजी फायबर भरू लागले होते. ज्ञानकोशाचं पान वाचल्यापासून मेहुणा त्यांना ओरडून विचारी, "चाचा, आज कितीक बाटल्या भरल्या उशीत?" पलीकडून उत्तर येई, "तुझ्या डोक्यात भरायला उरल्या थोड्या, ये घेऊन जा!" चाचांच्या खुर्चीचा पाय तुटला की मात्र मेहुणाच तो सांधून देई. लोखंडी पट्टी तापवायची, पीपीची चिंधी वितळवून भेगेत भरायची, वरून गुळगुळीत करायचं. हे करताना तो चाचांना शिव्या देई आणि चाचा त्याच्यासाठी चहा मागवीत, काचेच्या ग्लासात.

वाचनालयात तो एकदाच आला, आणि आला तोही भांडायला. आम्ही पुस्तकांना कुठूनतरी चकचकीत पीव्हीसीची कव्हरं आणून घातली होती. दोन उन्हाळ्यांत ती मुखपृष्ठांना अशी चिकटली की काढताना शीर्षक कव्हराबरोबर निघून येई. मी हे घरी सहज बोललो. दुसऱ्या दिवशी तो पाटीखाली उभा राहून गरजला, "कोनं मारलं या पुस्तकायले?" वाचक उठून गेले. तो दिवसभर जमिनीवर मांडी घालून बसला आणि हेअर ड्रायरची गरम हवा देत देत एकेक कव्हर सोडवत राहिला. मग दुकानातून पीपीचा पारदर्शक कागद आणून त्याने नवी कव्हरं घातली. त्याने आयुष्यात एक पुस्तक पूर्ण वाचलेलं नव्हतं. निघताना मला म्हणाला, "एवढे शानपनाचे बुकं, अन् एकानंबी तुमाले सांगतलं नाही?"

त्याचा खरा शत्रू एकच होता, थर्माकोलची वाटी. टीव्हीच्या खोक्यात थर्माकोल असला तर तो त्याला राजा म्हणे. मासळीच्या पेटीत बर्फ राखणारा थर्माकोल त्याला मान्य होता. पण पंगतीत त्या वाटीत वाफाळती आंबट कढी, वर फोडणीचं तेल पडताना पाहिलं की तो वाढप्यावर तुटून पडे. दुकानात त्याने त्या वाट्या कधी ठेवल्या नाहीत, सरकारी बंदी यायच्या आधीही नाही. गावात मात्र त्या कुठून ना कुठून मिळत राहिल्या. एका नातेवाइकाच्या तेरवीला आम्ही शेजारी बसलो होतो. कढी वाढली गेली. त्याने भज्यांच्या कढईतलं गरम तेल पळीभर मागून घेतलं आणि वाटीत सोडलं. वाटीच्या बुडाला भोक पडलं, तेल पत्रावळीवर आलं. "पाहा!" तो उभा राहून ओरडला. "हे पोटात चाललं तुमच्या!" पंगत हसली. कुणीतरी म्हणालं, "भाऊ, मेलेल्या मानसाच्या घरी तरी गप बसा." तो खाली बसला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊजी, माह्या तेरवीले जर कोनी या वाटीत कढी वाढली, तर मी उठून येईन. सांगून ठेवतो." मी म्हटलं, "बरं." "अन् मले नाही येता आलं, तर तुमी उठान का?" आणि लगेच तोच म्हणाला, "तुमी कायचे उठता! तुमी चष्मा पुसत बसान." मी तेव्हा खरोखरच चष्मा पुसत होतो.

आता त्या बुधवारचं सांगतो. फवारणी संपली की गावोगाव औषधाचे रिकामे कॅन उरतात. कॅन मजबूत असतो, बूच घट्ट असतं, फेकवत नाही. मग तो राखेने घासतात, उन्हात ठेवतात, आणि पुढच्या हंगामात त्यातून वावरात पिण्याचं पाणी जातं. एचडी ते औषध अंगात मुरवून ठेवतं, घासून जात नाही, हे मेहुणा ओरडून ओरडून सांगे. असा कॅन कुणाच्या हातात दिसला की तो हिसकावून घ्यायचा, तापवलेल्या सळईने त्याला आरपार भोक पाडायचं आणि बदल्यात नवा पाण्याचा कॅन द्यायचा, असा त्याचा नेम होता. मुलगा यावर कपाळ बडवून घेई. चाचा भिंतीपलीकडून म्हणत, "अबे, तू दुकानदार हाय का फकीर?" त्या दुपारी मेडशीचा एक माणूस दोरी घ्यायला आला. दमलेला होता. त्याने हातातल्या कॅनचं बूच काढून तो तोंडाला लावला. मेहुण्याने कॅनवर विषाची खूण म्हणून छापलेल्या लाल त्रिकोणाच्या चिठ्ठीचा उरलेला तुकडा पाहिला. त्याने झेप घालून कॅन उडवला, पाणी सांडलं, आणि तो ओरडू लागला. चाचा म्हणतात, "काहून पेतं बे हे, काहून पेतं," एवढंच तो म्हणत होता. मग खुर्चीवर बसला, आणि आवाज थांबला. भिंतीपलीकडचा आवाज थांबला म्हणून चाचा धावले. एरवी कधी धावावं लागलं नव्हतं.

भेटायला आलेल्या प्रत्येकाने तेच सांगितलं. "रागानं गेला हो." "एवढा राग बरा नाही." "क्षुल्लक गोष्टीवरून गेला." मी कोपऱ्यात सतरंजीवर बसून हे ऐकत होतो. माणसाच्या तोंडाजवळचं विष उडवून लावणं क्षुल्लक, आणि या लोकांचं आयुष्यभराचं शहाणपण मोठं! मला आयुष्यात प्रथमच कुणाच्यातरी थोबाडीत मारावीशी वाटली. मी चष्मा पुसला. माझी बायको भिंतीला टेकून बसली होती. ती रडली नाही, बोलली नाही. बेकलाइट, मला आठवलं.

तेरवीचा कारभार बायकोच्या थोरल्या चुलतभावाने, दादांनी, हाती घेतला. मी त्यांना आधीच गाठून सांगितलं की वाट्यांचं पाहा, त्याची इच्छा होती. दादा म्हणाले, "जवाईबुवा, आचाऱ्यानं वाट्यासकट ठेका घेतला. आता गेलेल्या मानसाचं किती ऐकावं?" मेहुण्याच्या मुलालाही सांगितलं. त्याचं मुंडण झालेलं, डोळे सुजलेले. तो म्हणाला, "मामाजी, मले काही सुचून नाही राह्यलं." त्याला मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. गावात द्रोण शोधले. पळसाची पानं टाचणारी म्हातारी मुलीकडे गेली होती.

घरासमोर मांडव होता. समोरच रस्त्यापलीकडे दुकान, शटर त्या बुधवारपासून बंद. पंगत बसली. पत्रावळी आल्या आणि त्यांच्यामागून पांढऱ्या वाट्यांची चळत आली. टप, टप, टप, प्रत्येकापुढे एक. माझ्यापुढेही. पोळी आली, आलूवांग्याची भाजी आली, वडे आले. मग पलीकडच्या टोकाला कढीची बादली निघाली. तिच्या वाफा मला दिसत होत्या. तुम्हाला हसू येईल, पण मी मांडवाच्या तोंडाकडे पाहिलं. तो शब्दाचा पक्का होता. बादली तीन माणसं पुढे सरकली. तो आला नाही.

मी उठलो.

"थांबा," मी म्हणालो. माझा आवाज वाचनालयातला. शेजाऱ्यालाही ऐकू गेला नाही. मी पुन्हा म्हणालो. वाढप्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "काय पायजे, मीठ?" मग मी पंगतीच्या मधून चालत गेलो, बादलीतलं ओगराळं काढून घेतलं आणि सगळा जीव एकवटून ओरडलो, "कढी वाढायची नाही!"

सगळी पंगत माझ्याकडे वळली. कढी ओगराळ्यातून माझ्या धोतरावर गळत होती. तेवढ्यात मागून कुणा बाईने हलक्या आवाजात निदान केलं, "अगंबाई, जवाई रुसले!" आणि ते सगळ्यांना पटलं. दुसरं काय असणार? तेरवीला घरच्या जावयाला टोपी-दुपट्टा द्यायची रीत. गडबडीत राहिली असेल. एवढा गरीब माणूस, पण मान तो मान. दादा हातातली पोळी टाकून उठले. "चुकलं, जवाईबुवा, चुकलं! कोन हाय रे तिकडे, दुपट्टा आना! टोपी आना!" कुणीतरी धावलं. माझ्या डोक्यावर टोपी आली, ती कानापर्यंत उतरली. दादांनी दुपट्टा उलगडून माझ्या खांद्यावर टाकला आणि हात जोडले, "आता राग सोडा. बसा." मी तो दुपट्टा बोटांत धरला, चुरगाळून पाहिला, आणि माझ्या तोंडून निघालं, "हे कायचं हाय?"

मी असं कधी बोलत नाही. पुण्याहून आणलेल्या पुस्तकांची भाषा मी घरात बोलतो म्हणून मेहुणा माझी नक्कल करी. पण निघालं ते त्याचं वाक्य, त्याच्याच चढ्या सुरात. पंगत दचकली. दादा गोंधळून म्हणाले, "चांगला टेरिकॉटचा हाय, जवाईबुवा..."

"बाटलीचा हाय!" मी म्हणालो. "अन् ह्या वाट्या कायच्या हायेत? तो जलमभर सांगत राह्यला, तुमी हसत राह्यले! आज त्याच्याच नावाचं जेवन, अन् त्याच्याच दारात तुमी हे वाढता? रागानं गेला म्हन्ता! राग येनार नाही तर काय येईन?"

कोपऱ्यातून चाचा उठले. "दुपट्टा नको त्यायले, दादा. कटोरीचा झगडा हाय. तीस साल भिंतीतून ऐकला मी. आज समोरून ऐकून राह्यलो." मग ते मेहुण्याच्या मुलाकडे वळले. "बेटा, चाबी कुठं हाय?"

मुलगा चावी घेऊन रस्ता ओलांडून गेला. शटर वर गेल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत छातीपर्यंत रचलेले न्हाणीतले मग होते, गुलाबी, पोपटी, निळे, कोरे करकरीत. "पीपी हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "उकळतं घाला." आणि त्याने सगळी चळत बायांच्या पुढ्यात ठेवली. बायांनी हौदावर ते भराभर विसळले. पांढऱ्या वाट्या गोळा झाल्या. आमच्या जिल्ह्यात कुणाच्या तेरवीला झाली नसेल अशी ती पंगत मग सुरू झाली. मिशीवाले, पागोटेवाले, सोवळ्याचे, पुढारी, सगळे दोन्ही हातांत आंघोळीचा मग धरून कढी फुंकत होते. दादांच्या वाट्याला गुलाबी आला होता. त्यांनी तो तोंडाला लावला आणि कढीची मिशी घेऊन वर पाहिलं, तेव्हा बायकांच्या बाजूने एक हसणं फुटलं. माझी बायको हसत होती. तेरा दिवसांनी तिच्या तोंडून आवाज निघाला होता. हसता हसताच तिने पदर तोंडावर घेतला, आणि मग किती वेळ ती पदराबाहेर आली नाही. बेकलाइट वितळत नाही, या त्याच्या बोलण्यावर मला आता शंका आहे.

मांडवाच्या खांबाशी मेडशीचा तो माणूस उभा होता. आला होता, पण बसत नव्हता. नातेवाईक त्याच्याकडे पाहून कुजबुजत होते. मी एक मग भरून त्याच्याकडे नेला. त्याने तो घेतला, पण प्यायला नाही. "सायेब," तो म्हणाला, "घरी आनखी दोन कॅन होते. लेकरं त्यातलंच पेत होते. मी आल्यासरशी खिळा तापवून फोडले. आता माठ घेतला." मग त्याने विचारलं, "त्यायले कोनी सांगन का हे?"

मी त्याला पंगतीत माझ्या जागेवर बसवलं.

गावात या तेरवीची गोष्ट आता हसून सांगतात, आणि तीत जावई दुपट्ट्यासाठीच रुसलेला असतो. स्टँडवर चहा अजून पिशवीतच मिळतो. दुकान मुलगा चालवतो. तो ओरडत नाही, पण सळई तापवतो. चाचा म्हणतात, भिंतीपलीकडे फार शांत वाटतं, उशी भरताना हात थांबतो. वाचनालयातल्या पुस्तकांची कव्हरं चिकटलेली नाहीत. त्याचा दाभण माझ्या सदऱ्याच्या खिशात असतो. आमच्या खिडकीत एक गुलाबी मग आहे.